आचाऱ्याच्या घराला आवतन

आमच्या वस्तीत लग्न असलं की भर दुपारी एकाच घरातून धूर निघायचा. आमच्या घरातून.

बाकी सगळ्या घरांना चूलबंद आवतन असे. अड्याळच्या आसपासच्या आमच्या गावांमध्ये आवतनाचे प्रकार आहेत. घरटी एक माणूस बोलावलं असेल तर घरातला कोणीतरी एक जाऊन जेवून येतो. चूलबंद म्हणजे म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत अख्खं घर. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान होतो, आणि न बोलावता जाऊन बसलं तर आपला. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण एकमेकांशी बोलणं टाकलेले भाऊभाऊसुद्धा एवढं पाळतात.

आम्हाला आवतन नसायचं, कारण त्या लग्नाचा स्वयंपाक माझे बाबा करायचे.

कोणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट, ज्याच्या घरी कार्य असे तो खूप आधीपासून आमच्या ओसरीवर येऊन बाबांशी ठरवून जाई. भाजी कोणती, बुंदी की जिलबी, तांदूळ जुना मिळेल का, कारण नव्या तांदळाचा भात पंगतीत गोळा होतो. त्या माणसाच्या लेखी आमचं घर कार्यातच होतं. कार्यातल्या घराला आवतन कसलं? शिवाय बाबांचा स्वतःचा एक नियम होता. जिथे काम तिथे बायकोपोरं न्यायची नाहीत आणि तिथलं अन्न घरी आणायचं नाही. ज्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली ते शिकले, त्याच्या बायकोच्या पिशवीत एकदा लग्नघरच्या पुऱ्या निघाल्या होत्या. यजमानिणीनेच दिल्या होत्या म्हणे. पण तेवढ्यात बोभाटा झाला आणि यजमानीण गप्प राहिली. म्हातारा मरेपर्यंत पुरीचोर म्हणवला गेला. हे सांगताना बाबा आवाज खाली आणायचे, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून आणतात तसा.

म्हणजे गाव बोलवत नव्हतं आणि बाबा नेत नव्हते. या दोघांच्या मधे बसून आई चूल पेटवायची. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. मांडवातला भोंगा अंगणात ऐकू यायचा आणि छपरांवरून वास यायचा. आई न पाहता बाबांचं सगळं काम सांगायची. आता भाजीला फोडणी पडली. आता भाजीचा गंज, ते मोठं पातेलं, उतरवला. आता बुंदीचा पाक झाला, आता ते दुपट्ट्याने तोंड पुसत असतील. मग फुंकणी उचलून आपल्या चुलीत फुंकायची.

हातपंपावर बायका तिला सांगत, तुझ्या नवऱ्याच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली की बोटं धुवाविशी वाटत नाहीत. एकीने तर, तुझं बरं आहे बाई, रोज खात असशील, असंही म्हटलं. आई हसून बादली उचलायची. तिने ती भाजी खाल्लीच नव्हती. घरी बाबा स्वयंपाक करत नसत, तिनेच करू दिला नाही. दिवसभर भट्टीपुढे भाजून आलेल्या माणसाला पुन्हा चुलीपुढे बसवायचं नाही, हा तिचा नियम. दोघांचे नियम एकमेकांच्या मायेपोटीच होते आणि दोघांनी मिळून एक साधी गोष्ट अडवून धरली होती. आईला बाबांच्या शेजारी पंगतीत बसून, बाबांनी रांधलेलं जेवायचं होतं. एकदाच ती माझ्याजवळ बोलली.

"एकडाव संग बसून जेवाव म्हनते मी. लय मोठं काई मांगून नाई राहिली."

मी मोठी होत गेले तसं ते वाक्य माझ्या आत घट्ट होत गेलं.

बाबांनी आईसाठी काही केलं नाही असं नाही. रोवणीच्या दिवसांत लग्नं नसतात. तेव्हा ते दुसऱ्यांच्या शेतांतल्या बांध्यांमध्ये धान रोवायला जायचे आणि संध्याकाळी घरी असायचे. आमच्या वस्तीत पुरुष पाणी भरत नाहीत, ते भरायचे. पारावरची माणसं टोमणा मारत, काय आचारी, घरी बी भांडे घासता का? बाबा न थांबता म्हणायचे, "बाहेर दुसऱ्याचे घासतो, घरचे तं आपलेच हायेत." माझी वेणी ते घालायचे. त्यांच्या बोटांना भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या आणि कातडी जाड झाली होती, पण केसांतला गुंता ते ओढत नसत. खालून वर सोडवत येत. आजही केस विंचरताना मी खालून सुरुवात करते.

एकदा आई तापाने पडली आणि बाबांनी तिचा नियम मोडला. आम्हा तिघांपुरती खिचडी करायला बसले. पण त्यांचा हात शेकड्याचा. मूठभर तांदूळ त्यांच्या डोळ्यांना तांदूळच वाटेना. अजून थोडे, अजून थोडे करत भांडं बदललं, मग पाणी कमी वाटलं, मग मीठ. शेवटी ओसरीवर गंजभर खिचडी वाफाळत होती आणि बाबा ढवळायचा सराटा धरून तिच्याकडे बघत होते. आईने गोधडीतून मान वर केली.

"अजी, पंगत कोनाची हाय?"

"हातच नाई आवरत," बाबा म्हणाले.

वस्तीतून वाट्या आल्या, पातेली आली. सगळ्यांनी वाखाणली. आईने चार घास खाल्ले. ज्या एका दिवशी बाबांच्या हातचं तिच्या ताटात पडलं, त्या दिवशी तिच्या तोंडाला चव नव्हती.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जात, तेव्हा बाबाही जात आणि तिथे येणाऱ्यांसाठी कोणीतरी लावलेल्या भट्टीवर फुकट राबत. येताना पिशवीत माझ्यासाठी पत्रकं असायची. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदांची, कोपरे तेलाने पारदर्शक झालेली. शिका म्हणणारी, दारू सोडा म्हणणारी, ज्याच्या हातात श्रम त्याच्या हातात मान हवा म्हणणारी. मी ती चुलीपुढे मोठ्याने वाचायची. एकात लग्नातल्या जेवणावळी बंद करा असं होतं. बाबांनी तेही पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, लिहिलं बरोबर आहे, पण लिहिणाऱ्याने माझ्या पोटावर पाय ठेवताना जरा चप्पल तरी काढायची होती. आई इतकी हसली की भाकरी करपली.

त्याच पत्रकांनी मला भांडायला शिकवलं. पण एक गोष्ट त्यांच्यात नव्हती. त्यांच्यात अन्याय करणारा नेहमी ओळखू यायचा. तो वरचा असायचा, परका असायचा, गढीवर राहायचा. इथे तर आपलीच वस्ती होती, आपलीच माणसं, त्याच बुद्धवंदनेला सोबत बसणारी. आणि तरी माझी आई लग्नाच्या दिवशी एकटी फुंकणी फुंकत होती.

मी पवनीला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. सुटीत घरी आले होते. चार घरं सोडून राहणाऱ्या काकीच्या नातीचं लग्न होतं. ती आमची सख्खी काकी नव्हे, पण रोज आमच्याकडे विरजण मागायला यायची. स्वयंपाक अर्थात बाबांकडे. आदल्या दिवशी काकी वस्तीत चूलबंद सांगत फिरली. आमच्या दारावरून गेली, आईला हाक मारून भट्टीची लाकडं पोहोचली का ते विचारलं आणि पुढच्या घरी आवतन द्यायला गेली. आई उंबऱ्यात उभी होती. आत जाऊन उद्यासाठी तांदूळ काढू लागली.

मी काकीच्या घरी गेले. ती सुपात डाळ पाखडत होती. माझ्याजवळ वाक्यं तयार होती, श्रमाला प्रतिष्ठा वगैरे. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"काकी, साऱ्या वस्तीची चूल बंद हाय. आमची काहून चालू?"

काकीचं सूप थांबलं. तिला खरंच कळलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा सांगितल्यावर ती हसायलाच लागली.

"अवो माय, तुह्या बापाले आवतन? म्हंजे मी माह्याच हाताले जेवाले बोलवू का?"

"हाताले भूक नसते काकी. मानसाले असते."

मला वाटलं आता शिव्या देणार, द्यायचा तिला हक्क होता. तिने सूप खाली ठेवलं, हात धुतले, पदर नीट केला आणि अनवाणीच माझ्या पुढे चालू लागली. आमच्या दारात आल्यावर रोजच्यासारखी आत शिरली नाही. बाहेर उभी राहिली, परक्या गावाहून आल्यासारखी.

"बाई, उद्या तुमच्या घरी चूलबंद. तिघांईले."

आईने डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं, "येतो."

संध्याकाळी बाबा भट्टी खणून आले तेव्हा पेटीतलं हिरवं लुगडं दोरीवर होतं आणि घरात डांबराच्या गोळ्यांचा वास होता. आईने सांगितलं. बाबांनी पाय धुतले, चहा घेतला, आणि म्हणाले की तुम्ही दोघी जा. मी म्हटलं, आवतन तिघांना आहे. ते म्हणाले की आचारी पंगतीत बसत नसतो. बसणारा बसतो, रांधणारा रांधतो. तो बसला तर आगीकडे कोण बघेल? मी त्यांच्याच आणलेल्या पत्रकांतलं त्यांना ऐकवलं. रांधणारा हात आणि जेवणारा हात यांत उच्चनीच असेल तर मग आपण कोणत्या समतेच्या गोष्टी करतो? बाबा शांतपणे ऐकत होते. खिचडीकडे बघत होते तसे माझ्याकडे बघत होते.

"पोरी, मले कोनी खाली नाई बसवलं. मीच उभा हाव. मी बसलो आन् वरन लागलं तं साऱ्या वस्तीच्या तोंडात जळकं जाईल. मंग तुहे कागद कामाचे नाई."

याला उत्तर आईजवळ होतं.

"तुमी नाई बसत तं मी बी नाई जात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. लुगड्याची घडी घालत होती.

दुसऱ्या दिवशी बाबा उजाडताच गेले. आईने अंघोळ केली, हिरवं लुगडं नेसली आणि ओसरीवर बसली. चूल सारवलेली, थंड. आवतन घेतलेलं, म्हणून पेटवता येत नव्हती. आणि बोलल्याप्रमाणे ती जात नव्हती. मी मांडवात वाढायला गेले. वंदना झाली, लग्न लागलं, पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. बायका आईला हाका मारून आल्या. ती म्हणाली, येते. पंगती होत गेल्या, ऊन मांडवाच्या दुसऱ्या बाजूला गेलं आणि आई काही आली नाही.

मी मांडवामागे भट्टीजवळ गेले. बाबा भाजीचा शेवटचा गंज ढवळत होते. घामाने बनियान अंगाला चिकटलेलं.

"आई बसली नाई अजून," मी म्हटलं.

"तिले म्हन, जेवून घे."

"इथं येत नाई. आन् घरी चूल बंद हाय."

सराटा थांबला. मला वाटतं, आवतनाचा हा अर्थ तोवर त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बंद चुलींसाठी रांधलं होतं. आपली चूल कधी बंद राहील असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. मग त्यांनी भट्टीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं, गंज झाकला. ड्रमजवळ जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, खुंट्यावरचा सदरा घातला आणि घराकडे निघाले. हाताखालच्या पोऱ्याने मला विचारलं की याला झालं काय. मी सांगितलं, जेवायला चालले आहेत. त्याला ते खरं वाटलं नाही.

थोड्या वेळाने ते दोघं आले. बाबा पुढे, आई चार पावलं मागे, लुगड्याची कडक घडी अजून मोडायची होती. शेवटची पंगत बसत होती. वाढपी, मांडववाले, वाजंत्रीवाले. कोणीतरी ओरडलं, "पाहा वो, आचाऱ्याची नवरी आली!" पंगतभर हशा पिकला. आईने मान खाली घातली, पण बसली. बाबा तिच्या शेजारी. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. मी वाढायला वाकले तर काकीने माझ्या हातातली बादली घेतली आणि स्वतः वाढलं.

बाबांना बसताच येत नव्हतं. मांडी घालून बसायचे आणि मान भट्टीकडे. पलीकडच्या पानात वरण कमी दिसलं की गुडघा उचलायचे. आईने त्यांच्याकडे न पाहता त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून ठेवलं.

"बसा जी."

मग तिने भाजीत पुरी बुडवली आणि पहिला घास घेतला. बाबांनी अजून आपल्या पानाला हात लावला नव्हता. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत इतक्या माणसांनी त्यांची भाजी खाल्ली, आणि कोणाच्या चावण्याकडे त्यांना मी असं बघताना पाहिलं नाही. आई सावकाश चावत होती. मला वाटतं, मुद्दाम.

"मीठ बराबर हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुसरी वाढी घेऊ द्या, मंग सांगते."

काकी बादली घेऊन उभीच होती. तिने वाढलं. आईने दुसरी वाढी संपवली, तिसरी घेतली, आणि काय ते सांगितलंच नाही. बाबांनी मग आपला पहिला घास घेतला आणि जरा चकित झाले. भट्टीपुढे वाफेने त्यांची जीभ मरून जायची, संपल्यावर उभ्याने दोन घास भात-मठ्ठा गिळला की त्यांचं जेवण व्हायचं. आपल्याच हातचं लग्नाचं जेवण गरम, बसून, वाढलेलं, पानातलं त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. "असं लागते व्हय," ते म्हणाले. कोणाला उद्देशून नव्हतं ते.

त्यानंतर वस्तीतल्या प्रत्येक लग्नात आम्हाला आवतन आलं. शेवटची पंगत आचाऱ्याच्या बायकोसाठी थांबू लागली. उशीर झाला की कोणीतरी ओरडे, नवरीला आणा लवकर. बाबा लाजायचे आणि लाकडं ओढायचे. बाहेरगावी हे नव्हतं. तिथे ते पूर्वीसारखेच उभे. आमच्या वस्तीतही काही वर्षंच चाललं. मग लग्नं मांडवातून लॉनवर गेली, पंगतीच्या जागी बफे आला. बाबा एका केटरर्सकडे रोजावर लागले. घरी येऊन म्हणायचे, माणसं उभ्याने खातात, ढोरासारखी म्हणायची सोय नाही, ढोर तरी बसून रवंथ करतं.

बाबा गेले ते एका हिवाळ्यात, छातीच्या दुखण्याने. त्याबद्दल मला लिहायचं नाही. त्यांच्याबद्दल मी सभेत बोलले आहे, श्रमिक म्हणून, आणि बोलून झाल्यावर प्रत्येक वेळी वाटलं की ज्यांच्याबद्दल बोलले ते हे नव्हेत. मला हवे आहेत ते दुसरेच. आईच्या शेजारी बसलेले, पानाला हात न लावता तिच्या तोंडाकडे तिरप्या नजरेने बघणारे. तो माणूस मला एकदा पुन्हा पंगतीत बसलेला पाहायचा आहे. यामागे माझा कोणताही विचार नाही, कोणतीही मागणी नाही. नुसतं पाहायचं आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात लाखांदूरला नात्यातलं लग्न होतं. आईला घेऊन मी एसटीने गेले. लॉन मोठं, टेबलांवर झाकणाची चकचकीत भांडी, मागे काळ्या कपड्यातली पोरं. आईने ताट भरून घेतलं आणि मी वळून बघते तर ती नाही. शोधत मागे गेले. पडद्यामागे भट्टी होती, आता गॅसची. एक पिकल्या केसांचा आचारी जिलब्या तळत होता. आई त्याच्या समोर उलट्या डब्यावर बसली होती, ताट मांडीवर.

"जेवले का, दादा?" ती विचारत होती.

"आमचं काय मावशी. नंतर."

"नंतर म्हंजे कधी?"

तो हसला. झारा चालूच होता. आईने ताटाला हात लावला नाही. त्याला अवघडल्यासारखं झालं. म्हणाला, "तुमी खा ना, थंड होऊन राहिलं." आई म्हणाली, "तुमी बसा, मंग खाते." तो पुन्हा हसला, पण या वेळी झारा जरा थांबला. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून कोणीतरी जिलबी संपल्याचं ओरडलं. तो परात उचलून गेला.

मी आईला म्हटलं, बस निघून जाईल. पुढची बस कधी आहे कोणाला ठाऊक. तू खाऊन घे. तो येणार नाही, त्याला बसू देणार नाहीत. हे मी सगळं बरोबर बोलत होते.

"तुह्या बापाले बी येळ लागला होता," ती म्हणाली.

पडद्यापलीकडे भांड्यांचा आवाज होत होता. भट्टी चालू होती, तेल तापत होतं, म्हणजे तो यायचा होता. मी दुसरा डबा उलटा केला आणि तिच्या शेजारी बसले.